शंभरातले दोन

"तुमची नस्ती इथे नाही," आरेकर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा समोरच्या कागदात डोकं घातलं.

सरकारी भाषेत फाइलला नस्ती म्हणतात, हे मला नोकरीच्या चौथ्या महिन्यापर्यंत कळलेलं होतं. पण जागेवर नसते ती नस्ती, हा अर्थ त्या सकाळीच पहिल्यांदा सुचला.

"इथे नाही म्हणजे मुंबईला राहिली का?" मी विचारलं.

"मुंबईला काही राहत नाही. अधिवेशनाला लागणारं सगळं ट्रंकांत भरून नागपूरला येतं. तुमचीही आली होती. नऊ तारखेला दुसऱ्या विभागाकडे अभिप्रायाला गेली."

"दुसऱ्या कुठल्या?"

"आदिवासींचं काम बघतो त्या."

माझ्या शेजारी मेश्रामभाऊ उभे होते. हातात थर्माकोलचा लहानसा डबा, डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलेल्या त्यांच्या चाचणीपट्ट्या. ते हळूच म्हणाले, "आज पंधरा तारीख होऊन राहिली, मॅडम."

"कॅलेंडर आहे माझ्याकडे," आरेकर मॅडम म्हणाल्या.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका संघटनेत लागले होते. रोगनिदानाची साधनं बनवणाऱ्या लहान कंपन्यांची ती संघटना; कचेरीत मी, एक टायपिस्ट आणि सचिव सबनीस सर, एवढेच. सरकारी नियम आणि निविदा वाचायच्या, कुठली अट आपल्या लोकांच्या आड येते ते शोधायचं आणि ती बदलावी म्हणून निवेदन लिहायचं, हे माझं काम. प्रयोगशाळा सोडून कागदात कशाला गेलीस, असं आई विचारायची.

ते निवेदन माझं पहिलंच होतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी राज्याने चाचणीपट्ट्यांची निविदा काढली होती आणि तिच्यात एक अट होती: पुरवठादाराला शासनाला पुरवठा केल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. मेश्रामभाऊंची बुटीबोरीतली कंपनी दोन वर्षांची. म्हणजे अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. सरकारी प्रयोगशाळेने तपासून पास केलेल्या नव्या कंपन्यांना या अटीतून सूट द्यावी, एवढंच आम्ही मागितलं होतं. हरकती पाठवण्याची मुदत तीस नोव्हेंबर. आमचं निवेदन चोवीसला पोचलं होतं. निविदा भरण्याचा शेवटचा दिवस बावीस डिसेंबर. त्याआधी अट बदलल्याचं शुद्धिपत्रक निघालं नाही, तर जानेवारीत मेश्रामभाऊ मशीन विकून हैदराबादला जुन्या नोकरीवर परत जाणार होते. तसं त्यांनी मला आदल्या दिवशी स्टेशनवरून येताना सांगितलं होतं. जसं एखाद्याने उद्या गॅसचा नंबर लावायचाय असं सांगावं, तसं.

"पण आदिवासी कशाला?" मी म्हणाले. "आम्ही तर पुरवठादाराच्या अटीबद्दल लिहिलंय."

आरेकर मॅडमनी चष्मा काढला. पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची बाई; आमच्या निविदेचं काम बघणारी कक्ष अधिकारी. तात्पुरत्या कचेरीत टेबल अपुरं पडत होतं म्हणून त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेली एक ट्रंक बाजूला उभी करून तिच्यावर कागद ठेवले होते. त्यांनी त्यातून एक झेरॉक्स काढली. माझंच निवेदन.

"तुम्ही लिहिलंय हे?"

"हो."

"वाचा. तिसरा परिच्छेद."

मी वाचलं. "प्रस्तुत चाचणी अत्यंत संवेदनशील व विशिष्ट आहे."

"आता सांगा. विषय सिकलसेलचा. आजार बराचसा आदिवासी भागातला. आणि निवेदनकर्ता सांगतोय की बाब अत्यंत संवेदनशील आहे, विशिष्ट आहे. विशिष्ट म्हणजे विशिष्ट समाजापुरती, असंच वाचलं माझ्या सहायकाने. त्याने टिपणी ठेवली, मी सही केली. संवेदनशील बाब असेल तर संबंधित विभागाला विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही."

मला काही क्षण कळेचना. मग कळलं आणि कान तापले.

"मॅडम, ते तसं नाहीये. संवेदनशील म्हणजे... चाचणीची संवेदनशीलता. सेन्सिटिव्हिटी. तो आमच्या शास्त्रातला शब्द आहे. मी कोशात बघून लिहिलाय."

"तुमच्या कोशात."

"हो."

"आणि वाचणार कोण होतं?"

मी हातातल्या झेरॉक्सची घडी घातली.

"संवेदनशील म्हटलं की आमच्याकडे पोलीस बंदोबस्त लागतो," त्या म्हणाल्या. मेश्रामभाऊंना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं. आरेकर मॅडम हसल्या नाहीत. "चूक तुमची आहे, मिस चौगुले. सहा दिवस गेले तुमच्या एका शब्दापायी."

हे त्यांनी आवाज न चढवता, शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण शेजारी मेश्रामभाऊ होते आणि रडायचा हक्क माझ्यापेक्षा त्यांना जास्त होता.

"मी आज संध्याकाळपर्यंत सुधारित निवेदन देते," मी म्हणाले. "शब्द बदलून. सगळं सोपं करून."

"नाही."

"एका तासात टाइप करून आणते, मॅडम."

"नवीन काही द्यायचं नाही. एक ओळसुद्धा नाही. कळलं?"

"पण मग..."

"डब्यात काय आहे?" त्यांनी मेश्रामभाऊंना विचारलं.

भाऊंनी डबा ट्रंकेवर ठेवून उघडला. "हेच. याचसाठी चाललंय सारं."

"करून दाखवा."

"कोणावर करू?"

आरेकर मॅडमनी डावा हात पुढे केला. भाऊ आता कंपनीचे मालक राहिले नाहीत, एकदम तंत्रज्ञ झाले. बोट पुसलं, टोचलं, थेंबभर रक्त द्रावणात मिसळलं, पट्टी बुडवली. "दहा मिनिटं, मॅडम. वरची रेघ साध्या हिमोग्लोबिनची, खालची सिकलची. फक्त वरची आली तं माणूस मोकळा. दोन्ही आल्या तं वाहक. फक्त खालची आली तं रुग्ण."

दहा मिनिटं आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत राहिलो. कोणीतरी दोनदा फाइल घेऊन आलं, मॅडमनी बोट न हलवता उजव्या हाताने सह्या केल्या. वरची रेघ उमटली. खालची नाही.

"आणि आत्ता गावात काय करतात?"

"आत्ता नळीत रक्त टाकून पाणी गढूळ होतं का ते बघतात. गढूळ झालं तं काहीतरी आहे. वाहक का रुग्ण, ते नाही समजत. मग नमुना जिल्ह्याला. निकाल तीन आठवड्यांनी. तेव्हापर्यंत माणूस कुठच्या कुठं कामाला गेलेला असते. कागद येते, माणूस नाही सापडत."

"तुम्ही यात कसे आलात?"

भाऊ पट्टी पुसत होते. पुसायची गरज नव्हती. "लहान बहीण होती माझी. अकरा वर्षांची. सांधे दुखतात म्हणायची. मालिश करत होतो आम्ही."

आरेकर मॅडमनी बोटावरचा कापूस काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "उद्या या," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. आणि मी काय सांगितलंय ते लक्षात ठेवा."

बाहेर आल्यावर भाऊंनी चहा सांगितला. नागपूरची डिसेंबरातली थंडी मला माहीत नव्हती; मी दोन्ही हातांनी ग्लास धरून उभी राहिले.

"बाई कडक आहे," भाऊ म्हणाले.

"तिला फाइल पुढे न्यायचीच नाहीये. मी चूक सुधारते म्हणतेय, तर सुधारू पण देत नाही."

"तुमाले का वाटते, मले मशीन विकायला लागंल?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. "मी तं सहज विचारलं," ते म्हणाले. "तुमी शास्त्रज्ञ आहात ना. टक्केवारी सांगा."

मी सबनीस सरांना फोन लावला. सर औषध कंपनीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. दर दोन वाक्यांनंतर एखाद्या मोठ्या माणसाचं नाव घ्यायची त्यांना सवय होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "ऋता, कक्ष अधिकाऱ्याचं काय ऐकत बसलीस? आजच सुधारित निवेदन टाइप कर. उद्या सकाळी आवक शाखेत शिक्का मारून घे. शिक्का म्हणजे पुरावा. मी इकडून वरच्या पातळीवर एक फोन टाकतो."

माझ्या सरांचंच ऐकायला हवं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला माझी चूक कागदावरून पुसून टाकायची घाई झाली होती. एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मी दोन पानी निवेदन टाइप केलं. संवेदनशील काढून 'अचूक' घातलं. विशिष्ट काढून 'खात्रीशीर' घातलं.

सोळा तारखेला सकाळी साडेदहाला मी आवक शाखेच्या रांगेत होते. माझ्यापुढे तीन माणसं. खिडकीतला माणूस तालात शिक्के मारत होता. एक माणूस उरला तेव्हा मागून कोणीतरी माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं.

आरेकर मॅडम. एका हातात जेवणाचा डबा, खांद्यावर शाल.

"हे काय आहे?"

"सुधारित... सर म्हणाले..."

"कोण सर?"

"आमचे सचिव."

"ते बसतात का माझ्या टेबलावर, या कार्यासनावर? इकडे या." त्यांनी मला रांगेतून बाहेर काढलं. पाकीट उघडलंही नाही. घडी घालून माझ्याच पिशवीत कोंबलं. "तुम्हाला ऐकू येतं ना नीट? का त्याचीही चाचणी करायची?"

"मॅडम, मला फक्त माझी चूक..."

"तुमची चूक राहू दे जिथे आहे तिथे. चला वर."

वर गेल्यावर त्यांनी एक पाठकोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा कागद नस्तीला लागणार नाही. ह्याच्यावर नाव नाही, तारीख नाही. मला समजावून सांगा. संवेदनशील म्हणजे काय, हा शब्द न वापरता. तुमच्या आईला सांगताय असं समजा."

मी लिहिलं: चाचणी अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे.

त्यांनी वाचून कागद परत केला. "कशाचे अठ्ठ्याण्णव टक्के?"

मी दुसऱ्यांदा लिहिलं. त्यांनी परत केला. तिसऱ्यांदा मी पेन खाली ठेवलं आणि आईचाच विचार केला. आमची आई इचलकरंजीत बालवाडी चालवते. तिला टक्के सांगितले तर ती विचारते, म्हणजे किती पोरं? मग मी लिहिलं: ज्यांना खरोखर आजार आहे अशा शंभर माणसांची ही चाचणी केली, तर अठ्ठ्याण्णव सापडतात. ज्यांना आजार नाही अशा शंभर माणसांची केली, तर नव्व्याण्णवांना ती बरोबर मोकळं सोडते.

आरेकर मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिलीने पहिल्या वाक्याखाली रेघ मारली.

"अठ्ठ्याण्णव सापडतात. दोघांचं काय?"

"ते सुटतात."

"सुटतात म्हणजे?"

"म्हणजे त्यांना आजार असतो, पण पट्टी नाही म्हणते."

"हे तुमच्या निवेदनात होतं?"

"नाही."

"का?"

मला खरं उत्तर माहीत होतं. प्रयोगशाळेत असते तर मी दोन आधी लिहिले असते. तिथे चूक किती ते सांगितल्याशिवाय निकाल सांगतच नाहीत. "कारण मी बाजू मांडत होते," मी म्हणाले.

"लिहा."

मी लिहिलं: दोन सुटतात.

"त्या दोघांसाठी काय करता येईल?"

मी मेश्रामभाऊंकडे बघितलं. तेही अकराला येऊन दाराशी उभे होते. "लक्षणं असून पट्टी नाही म्हणाली," ते सावकाश म्हणाले, "तं त्याचा नमुना जिल्ह्याला पाठवायचा. जुन्याच पद्धतीनं. तेवढे नमुने जिल्ह्याले जड नाही."

"तुमचा माल विकायला निघालात आणि तुम्हीच सांगताय की जुनी पद्धत पण ठेवा?"

"माझी बहीण त्या दोघांतली असती तं, मॅडम?"

त्यांनी ते कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं. "ज्या कागदावर दोन सुटतात असं लिहिलेलं असतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याच्यावर सही करताना माझा हात थांबत नाही. आता जा. पुन्हा येऊ नका, मी व्यग्र आहे. वेबसाइट बघत राहा."

सतरा तारखेला काही झालं नाही. अठराला सकाळपासून मी वेबसाइट एकोणीस वेळा उघडली. मी मोजत होते. भाऊंनी मला बुटीबोरीला नेलं, कारखाना दाखवला. आठ बायका पांढऱ्या टोप्या घालून पट्ट्या कापत होत्या. एकीने विचारलं, "ताई, होईल ना?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "बरं. खोटं नाही बोलल्या."

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी विसाव्या वेळी उघडली, तेव्हा शुद्धिपत्रक क्रमांक दोन तिथे होतं. शासकीय प्रयोगशाळेने प्रमाणित केलेल्या नवीन उत्पादकांस पूर्वानुभवाच्या अटीतून सूट. आणि खाली आम्ही न मागितलेला एक मुद्दा: लक्षणे असूनही चाचणी नकारात्मक आल्यास नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठविणे बंधनकारक राहील.

मेश्रामभाऊंनी ते माझ्या फोनवर वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग आत जाऊन त्या आठजणींना वाचून दाखवलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. "काहून रडून राहिलो मी, बाप्पा?" ते म्हणाले. "आता तं काम करायला लागंल."

सबनीस सरांचा फोन आला. "बघितलंस? एका फोनचं काम होतं."

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी दुपारची होती. सकाळी मी आरेकर मॅडमना भेटायला गेले. त्या अवर सचिवांच्या दालनातून बाहेर येत होत्या. चेहरा नेहमीसारखाच.

"मॅडम, आभार मानायला आले होते."

"आभार कसले? मुदतीत आलेलं निवेदन होतं, नियमात बसत होतं. झालं." मग जरा थांबून म्हणाल्या, "चूक कोणाची होती?"

"माझी."

"लक्षात ठेवा म्हणजे झालं."

पुढची काही वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत असे. संवेदनशील म्हटल्यावर बंदोबस्त लागतो, या वाक्याला हशा ठरलेला. त्यात आरेकर मॅडम म्हणजे एक खडूस बाई असायची, जिच्या नाकावर टिच्चून आमचं काम झालं. मी आईलाही तसंच सांगितलं होतं.

आता त्याला सात वर्षं झाली. सबनीस सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. ती सूट आता एका निविदेपुरती राहिलेली नाही. तशी अट येते तिथे आम्ही त्या शुद्धिपत्रकाचा दाखला देतो. गेल्या महिन्यात त्या सवलतीची हकीकत लिहून ठेवावी म्हणून मी माहितीच्या अधिकारात मूळ नस्तीची प्रत मागवली. त्रेचाळीस पानं टपालाने आली. सवयीप्रमाणे मी पहिल्या पानापासून वाचायला लागले.

चौदाव्या पानावर आरेकर मॅडमची टिपणी होती. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात:

"सदर निवेदन विहित मुदतीत प्राप्त आहे. निवेदनातील 'संवेदनशील' व 'विशिष्ट' हे शब्द शास्त्रीय परिभाषेतील असून अर्जदाराने ते योग्य अर्थाने वापरले आहेत. अर्जदाराकडून अर्थ समजून न घेता कार्यासनाने नस्ती अन्य विभागाकडे पाठविली. ही चूक कार्यासनाची आहे. निवेदनात त्रुटी नसल्याने सुधारित निवेदन घेण्याची आवश्यकता नाही. नस्ती आजच परत मागविण्यास मान्यता व्हावी."

सही. खाली तारीख: पंधरा डिसेंबर. पहिल्या भेटीचाच दिवस. आम्ही बाहेर चहा पीत तिला नावं ठेवत होतो, तेव्हा हे लिहिलं जात होतं.

मी खुर्चीत मागे टेकले आणि सावकाश जुळवून पाहिलं. माझ्या निवेदनात चूक आहे असं नस्तीवर आलं असतं, तर ते दुरुस्तीला परत गेलं असतं. दुरुस्त होऊन आलं असतं तर त्याच्यावर नवी तारीख पडली असती. डिसेंबरातली. हरकतींची मुदत तीस नोव्हेंबरला संपलेली. सोळा तारखेला त्या खिडकीत एक शिक्का पडला असता, तर मी माझ्या हातांनी मेश्रामभाऊंची कंपनी बंद केली असती. माझ्यापुढे एक माणूस उरला होता.

टिपणीच्या समासात दुसऱ्या शाईत वरिष्ठांचा शेरा होता: "मान्य. तथापि झालेल्या विलंबाबाबत कक्ष अधिकारी यांचा लेखी खुलासा घ्यावा." पंधराव्या पानावर तो खुलासा. एकोणीस तारखेचा, म्हणजे मी आभार मानायला गेले होते त्या दिवसाचा. दोनच वाक्यं: "विलंब माझ्यामुळे झाला. सबब नाही."

त्यांचा नंबर मिळवायला मला चार दिवस लागले. निवृत्त होऊन त्या गुहागरला राहतात. फोन उचलला तेव्हा मागे कोणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज येत होता.

"मी ऋता चौगुले. पुण्याहून. सात वर्षांपूर्वी नागपूरला... संवेदनशील."

"बंदोबस्तवाली," त्या लगेच म्हणाल्या.

मी नस्ती वाचल्याचं सांगितलं. चौदावं पान, पंधरावं पान. त्या ऐकत होत्या.

"मॅडम, तुम्ही मला म्हणाला होतात की चूक माझी आहे. नस्तीवर तर उलटं लिहिलंय."

"उलटं कुठे? शब्द तुमच्या शास्त्रात बरोबरच होता. वाचणाऱ्याला कळणार नाही असा लिहिलात, ती तुमची चूक. ती तुम्हाला तोंडावर सांगितली. मला कळला नाही आणि मी फोन करून विचारलं नाही, ती माझी. ती नस्तीवर लिहिली. मी नस्तीवर कधी खोटं लिहिलेलं नाही हो."

"पण तेव्हा सांगायचं तरी. निदान मी तुम्हाला सात वर्षं..."

"काय सात वर्षं?"

"खडूस म्हणत होते."

त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. "ते पण खोटं नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही त्या सरांना सांगितलं असतं, सरांनी अजून चार फोन केले असते."

मला जे बोलायचं होतं ते मी लिहून काढलं होतं, तीन वाक्यं. कागद समोर होता. मी पहिलं वाक्य वाचायला सुरुवात केली आणि त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. मला एक सांग. ते दोघं, शंभरातले. त्यांचे नमुने पाठवतात का जिल्ह्याला? का नुसतं कागदावरच?"

"पाठवतात. मी दर वर्षी आकडे मागवते."

"किती?"

"गेल्या वर्षी पट्टी नाही म्हणाली होती, तरी जिल्ह्याला एकशे बारा सापडले."

मागचा नारळ सोलण्याचा आवाज थांबला.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "नावं असतील ना त्यांची?"

"आहेत, मॅडम. सगळ्यांची आहेत."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "आता वाच तू तुझी तीन वाक्यं."

मी वाचली.